काकांचा ब्लॉक आणि फोल्सम स्ट्रीट

सप्टेंबर संपता संपता आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या काकांनी एक व्हिडिओ टाकला. चाळीस सेकंदांचा. सॅन फ्रान्सिस्कोतला फोल्सम स्ट्रीट, भर दुपार, छातीवर काळ्या चामड्याचे पट्टे आवळलेले उघडेबंब पुरुष. एकाच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा आणि त्याची साखळी दुसऱ्याच्या हातात. खाली काकांचा मजकूर: ‘समलिंगी लग्नं मागणाऱ्यांनो, ही गाडी शेवटी ह्याच स्टेशनात थांबते. महाराष्ट्रात हेच आणायचंय का?’ त्यावर तिघांनी हात जोडले, एकाने लालबुंद तोंड टाकलं आणि आत्याने विचारलं, ‘अगं, हे तुझ्याच गावचं ना?’

माझ्याच गावचं. राहायला मी फ्रीमाँटला, पण गेली बावीस वर्षं नोकरी सॅन फ्रान्सिस्कोत, मार्केट स्ट्रीटच्या अंगाला एका ऑडिट कंपनीत. बार्ट म्हणजे इथल्या लोकलने पाऊण तास. फोल्सम स्ट्रीट तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर. व्हिडिओ खरा आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तिथे चामड्याच्या आणि चाबकाच्या शौकिनांची ही जत्रा भरते आणि ती बघायला लाखावारी माणसं येतात.

मी त्या जत्रेत एकदाच गेले, २०११ साली, ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर. साठीला टेकलेला, कडक माणूस. ताळेबंद तपासताना पेन्सिलीने इतक्या बारीक खुणा करायचा की भिंगच घ्यावं. त्या दिवशी तो चामड्याच्या बंडीत आला आणि बंडीच्या खिशातही पेन्सिल होतीच. फाटकाशी पांढरं तोंड रंगवलेल्या, दाढी-मिशावाल्या ‘नन’ बादली घेऊन उभ्या. यांना सिस्टर्स ऑफ परपेच्युअल इंडल्जन्स म्हणतात. १९७९च्या ईस्टरपासून त्या ह्या गावात आहेत. बादलीत दहा डॉलर टाकले की छातीवर स्टिकर चिकटवतात. तो पैसा दवाखान्यांना, संस्थांना जातो. आत शिरल्यावर एका मांडवात एका माणसाला चौकटीला बांधून चाबकाने मारत होते आणि भोवती पन्नासेक माणसं लिंबू-सरबत पीत बघत होती. मी नजर कुठे ठेवावी ते कळेना. मग माझ्या लक्षात आलं, की मारणारा दर चार फटक्यांनी थांबतोय, वाकून काहीतरी विचारतोय, बांधलेला मान हलवतोय, मग पुढचे फटके. तिथला नियमच तो. विचारल्याशिवाय फटका नाही, फोटो नाही, अंगाला हात नाही. त्या अर्धनग्न गर्दीतून मी तीन तास फिरले आणि मला एकदाही कोणाचा धक्का लागला नाही. कॉलेजची पाच वर्षं डोंबिवलीच्या फलाटावर आठ बाराची लोकल पकडलेल्या बाईला ह्याचं काय वाटलं असेल ते बायकांना सांगायला नको.

मला ते आवडलं का? नाही. चाबूक मला आजही कळत नाही. पण न कळणं आणि घाण वाटणं ह्यांत फरक असतो, आणि तो त्या दुपारी मला सहकाऱ्यानेच समजावला, तोही अगदी हिशेबनिसाच्या थाटात. सत्तरच्या दशकात म्हणे खिशातल्या रुमालाचा रंग आणि खिसा डावा की उजवा, ह्यावरून कोणाला काय आवडतं ते न बोलता कळायचं. मी हसले तर म्हणाला, तुमच्याकडे असं काही नसतं का? मी गप्प बसले. आडनाव ऐकून अर्ध्या सेकंदात समोरच्याची जात, गाव आणि जेवणातलं मीठ-मसाला ओळखणाऱ्या माणसांनी रुमालांना काय हसायचं?

तो कॅन्ससच्या शेतकरी घरातला. १९७४ साली बसने इथे आला, एक सुटकेस घेऊन. पहिली खोली सिक्स्थ स्ट्रीटवरच्या हॉटेलात, आठवड्याच्या भाड्याने, संडास बाहेर. इथेच का आलास, न्यूयॉर्कला का नाही, असं विचारलं तर म्हणाला, ‘इथे दाराला आतून कडी होती आणि मॅनेजर काही विचारत नव्हता.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरी जो वाद चालतो, तो सगळा संस्कृतीच्या नावाने चालतो. पाश्चात्य खूळ, भारतीय परंपरा, मंदिरांवरची शिल्पं, मनुस्मृती, शिखंडी. पण ह्या शहरात जे घडलं, ते बव्हंशी भाड्याच्या खोल्यांमुळे घडलं असं माझं मत आहे. लष्कराने दुसऱ्या महायुद्धात समलिंगी सैनिकांना निळ्या कागदावरच्या बडतर्फीने हाकललं. पॅसिफिकवरून परतणारी जहाजं ह्याच बंदराला लागत. तो निळा कागद घेऊन गावी आईबापांसमोर कोण जाणार? कितीतरी जण इथेच राहिले. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला गोदी कामगारांची, खलाशांची, एकट्या पुरुषांची हॉटेलं होती, गिरणगावात एकेका गाळ्यात पंधरा-पंधरा गडी राहायचे त्याचाच जरा बरा अवतार. बायकापोरांशिवाय राहणारा पुरुष तिथे संशयास्पद नव्हता. साठच्या दशकात चामडेवाल्यांचे बार तिथेच निघाले आणि १९६४ साली ‘लाइफ’ मासिकाने त्यातल्या एका बारचा भलाथोरला फोटो छापून सगळ्या अमेरिकेला पत्ता कळवला. निंदा करायला छापला होता. गावोगावच्या पोरांनी ते पान फाडून नकाशासारखा वापरला.

पलीकडे टेंडरलॉइनमध्ये त्याहून स्वस्त हॉटेलं. तृतीयपंथी बायकांना दुसरीकडे कोणी खोली देत नसे, म्हणून त्या तिथे. टर्क आणि टेलर रस्त्यांच्या कोपऱ्यावर कॉम्प्टन्स नावाचं रात्रभर उघडं असणारं उपाहारगृह होतं. १९६६च्या ऑगस्टमध्ये पोलिसाने एकीचा दंड धरला आणि तिने हातातली गरम कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. मग कपबशा, साखरेच्या बरण्या, काचा. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या १९६९च्या दंग्याचं नाव आपल्याकडे पेपरात येतं. हे त्याच्या तीन वर्षं आधीचं.

आपल्या संगणकवाल्या मंडळींना मॉस्कोनी सेंटर माहीत असतं. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या परिषदेला गळ्यात बिल्ला अडकवून तिथे जातात. हा मॉस्कोनी कोण? १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळण्याचं विधेयक आलं, तेव्हा मतं पडली २०-२०. बहुमताचा नेता होता जॉर्ज मॉस्कोनी. त्याने सभागृहाची दारं बंद करून सदस्यांना आत अडकवून ठेवलं आणि लेफ्टनंट गव्हर्नरला डेन्व्हरहून विमानाने बोलावून घेऊन निर्णायक मत टाकून घेतलं. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोचा महापौर झाला. आपल्याकडच्या ३७७व्या कलमाला, जे मुळात इंग्रजांनीच लादलेलं, हेच करायला २०१८चा सप्टेंबर उजाडावा लागला. पण ‘अमेरिकेत बघा’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं, की टेक्सासात २००३पर्यंत हा गुन्हाच होता. अमेरिका म्हणजे एक गाव नाही.

हार्वी मिल्क ह्या उघडपणे समलिंगी असलेल्या पुढाऱ्याचं नाव आता पुण्या-मुंबईतल्या मोर्च्यांतल्या फलकांवरही दिसतं. कॅस्ट्रो स्ट्रीटवर त्याचं कॅमेऱ्याचं दुकान होतं, १९७३पासून. कॅस्ट्रो हा मूळचा आयरिश कामगारांचा भाग. ती कुटुंबं उपनगरांत गेली, जुनी लाकडी घरं स्वस्तात पडून राहिली आणि ह्या पोरांनी ती घासूनपुसून राहायला घेतली. १९७७ साली मिल्क नगरपालिकेवर निवडून आला. त्याची भाषणं सगळे सांगतात. त्याचा कायदा कोणी सांगत नाही. १९७८ साली त्याने जो ठराव १० विरुद्ध १ मतांनी पास करून घेतला आणि ज्यावर मॉस्कोनीने सही केली, तो नोकरी, घर आणि हॉटेल-दुकानांविषयी होता. माणूस समलिंगी आहे म्हणून घरमालकाला खोली नाकारता येणार नाही, एवढं रोकडं त्यात होतं. विरोधातलं एकुलतं मत डॅन व्हाइट ह्या नगरसेवकाचं. त्याच व्हाइटने २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सिटी हॉलमध्ये शिरून दोघांनाही गोळ्या घातल्या. शिक्षा झाली सात वर्षं आठ महिने, त्यातलीही पाचच भोगली.

फोल्समच्या जत्रेचंही तेच. १९८४ साली ती सुरू झाली ती काही चाबकाच्या हौसेने नाही. पालिका मार्केटच्या दक्षिणेची हॉटेलं पाडत सुटली होती, मॉस्कोनी सेंटर अशाच मोकळ्या केलेल्या जागेवर उभं राहिलेलं. ‘हा भाग ओसाड आहे, पाडा’ असं बिल्डर म्हणत होते. इथे माणसं राहतात, हे दाखवायला भाडेकरूंच्या चळवळीतल्या मंडळींनी रस्त्यात जत्रा भरवली. एड्सने माणसं मरत होती, त्यासाठी पैसाही हवा होता. काकांच्या चाळीस सेकंदांत हे मावत नाही, हे मी समजू शकते. पण जत्रेत साखळी धरून फिरणारे जे लोक त्यांना दिसतात, त्याच जातकुळीच्या लोकांनी त्या वर्षांत डबे पोचवले, अंथरुणं बदलली, बार बारमधून बादल्या फिरवल्या. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात १९८३ साली एड्सचा खास वॉर्ड निघाला, तिथल्या परिचारिका हातमोज्यांशिवाय रोग्याचा हात धरत, तेव्हा बाहेर देशात ताट सरकवून पळणाऱ्यांचे दिवस होते. माझा सहकारी सांगे, त्याच्या मजल्यावरच्या अकरा खोल्यांपैकी सात रिकाम्या झाल्या. जोडीदार गेला की गावाकडून भाऊ यायचा, प्रेत न्यायचा, आणि खोलीचा करार मेलेल्याच्या नावावर म्हणून उरलेला रस्त्यावर.

म्हणून इथे लग्नाची मागणी आली ती अशी मागच्या दाराने, करारपत्राच्या आणि हॉस्पिटलच्या फॉर्मच्या रांगेतून. जोडीदारांची नोंद करण्याचा ठराव १९८२ साली महापौर डायन फाइनस्टाइन यांनी नाकारला, १९८९ साली मतदारांनी थोडक्यात पाडला, १९९०मध्ये मंजूर केला. १४ फेब्रुवारी १९९१पासून नोंदणी सुरू. अट काय? एकत्र राहता का आणि घरखर्च एकमेकांचा उचलता का. बस. संस्कृतीचा स सुद्धा नाही.

२००४चा फेब्रुवारी मी स्वतः पाहिला. येऊन मला सहा महिनेही झाले नव्हते. महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी अचानक समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने द्यायला सुरुवात केली. पहिली जोडी डेल मार्टिन आणि फिलिस लायन, दोघी आजीबाई, पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या. सुट्टीचा शनिवार-रविवार जोडून आलेला आणि सतत पाऊस. सिटी हॉलभोवती रांग वळून गेलेली, माणसं प्लास्टिकची पोती पांघरून फुटपाथवर झोपलेली. फुलवाल्यांच्या गाड्या येऊन थांबत होत्या. मिनेसोटाकडच्या कोणी अनोळखी लोकांनी फोनवरून पैसे भरलेले, ‘रांगेतल्या कुठल्याही जोडीला द्या’ म्हणून. माझ्या हातात छत्री बघून एका बाईने पुढे सरकून मलाही गुच्छ दिला. मी घाईघाईने ‘नो नो’ केलं. आज त्या ‘नो नो’ची मला लाज वाटते, तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. चार हजार लग्नं लागली आणि ऑगस्टात कोर्टाने सगळी रद्द केली. पुढे २००८ साली मतदारांनी कॅलिफोर्नियाच्या घटनेत ‘लग्न म्हणजे एक पुरुष, एक बाई’ घातलं, ५२ टक्क्यांनी. फ्रीमाँटमध्ये आपल्या देशी लोकांच्या अंगणांतही ‘होय’च्या पाट्या होत्या. २०१३ आणि २०१५ साली कोर्टांनी त्यातली हवा काढली, पण ती ओळ घटनेतून मतदारांनी खोडली २०२४ला. वीस वर्षं झाली ह्या येरझाऱ्यांना.

आता घरचं. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लग्न हा मूलभूत हक्क नाही; पाचही न्यायमूर्तींचं त्यावर एकमत. जोडीदार म्हणून नुसती मान्यता देण्यावरून मात्र तीन विरुद्ध दोन, आणि ती नाकारली गेली. केंद्र सरकारने त्याआधी म्हटलं होतं की हे सगळे ‘शहरी उच्चभ्रूं’चे विचार. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी निकालात ते खोडून काढलं, तरी घरोघरी तेच चालतं. ह्यात मला दोन्ही बाजूंचा कंटाळा येतो. एक बाजू काकांची. दुसरी बाजू माझ्या पुण्याच्या मैत्रिणींची, ज्या म्हणतात, ‘आम्हाला फक्त साधी, सुशिक्षित, लग्न करून राहणारी मुलं हवीत, तो परेडमधला धिंगाणा नको.’ म्हणजे जावई समलिंगी चालेल, पण टापटीप हवा. इथल्या इतिहासात टापटीप माणसांनी नंतर येऊन सह्या केल्या. कॉफी फेकली ती भलत्याच कोणी.

आणि धिंगाणा म्हणाल तर त्यावर इथेही भांडणं आहेत. २०१२ साली कॅस्ट्रोच्या चौकात नागड्याने बसणाऱ्यांविरुद्ध कायदा आला, तो आणला त्याच भागातून निवडून आलेल्या स्कॉट वीनर ह्या समलिंगी नगरसेवकाने आणि पास झाला एका मताने, ६-५. चौकातल्या खुर्चीवर बसताना खाली टॉवेल घालावा की नाही, हा प्रश्न त्याच्या वर्षभर आधी पालिकेपुढे आला होता. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची आठवण आली.

‘पाश्चात्य’ ह्या शब्दाचं तर मला हसूच येतं. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. ती पत्रं लिहिणारे मराठी वाचक काही कॅस्ट्रोतून टपाल टाकत नव्हते.

पण आम्ही इथले तरी काय मोठे. २०२४च्या जूनअखेरीस सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं. ढोल-ताशे, पैठण्या, हजारो मराठी माणसं. त्याच रविवारी पन्नास मैल उत्तरेला मार्केट स्ट्रीटवर प्राइडची परेड, सगळ्यांत पुढे नेहमीप्रमाणे मोटारसायकलींवरच्या बायका. कॅलट्रेनमध्ये नऊवारीतल्या बायका आणि इंद्रधनुषी पंखांची पोरं एकाच डब्यात बसली होती, मी त्यांच्यात. एका आजींनी एका पोराचा पंख दारात अडकला तो सोडवून दिला आणि मराठीत म्हणाल्या, ‘जप रे.’ त्रिकोण ही समलिंगी देशी लोकांची संस्था ह्याच बे एरियात १९८६ साली आपल्याच दोन भारतीय मुलांनी काढली, नावसुद्धा आपल्या शब्दाचं. पण मंडळाच्या कार्यक्रमात मी ते नाव बावीस वर्षांच्या गप्पांत कधी ऐकलं नाही. ज्यांच्या घरचा मुलगा तसा आहे ते ‘तो शिकागोला असतो’ एवढंच सांगतात. शिकागो हे आमच्यात एक उत्तर झालंय.

शहराचं गुणगानही फार नको. कॅस्ट्रोच्या तोंडाशी ट्विन पीक्स नावाचा बार आहे. १९७२ साली दोघी मालकिणींनी त्याच्या रंगवलेल्या काचा काढून रस्त्याकडे लख्ख पारदर्शक खिडक्या बसवल्या. तोवर अशा बारांना खिडकीच नसे, आत कोण आहे ते बाहेर दिसू नये म्हणून. आजही दुपारी तिथे म्हातारे पत्ते खेळताना दिसतात. तरुण मात्र दिसत नाहीत, कारण त्यांना भाडं परवडत नाही. बायकांचा प्रसिद्ध लेक्सिंग्टन क्लब २०१५ला बंद पडला. माझा सहकारी निवृत्त होऊन सॅक्रामेंटोपलीकडे राहायला गेला. गोळ्या, रोग, मतदान सगळं पचवलेल्या माणसाला आमच्या संगणकवाल्यांच्या पगारांनी हलवलं, हे मी त्याला कधी म्हटलं नाही. त्याने हिशेब घातलाच असेल.

त्या रविवारी मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. काकांना फोन केला. व्हिडिओचा विषय न काढता विचारलं, ‘काका, तो पांडुरंगवाडीतला ब्लॉक गेला का भाड्याने?’

‘कुठला गं. गणपतीपासून रिकामा. मेंटेनन्स खिशातून भरतोय. दोन मुलं आली होती, चांगल्या नोकरीतली. मी म्हटलं, फॅमिली असेल तरच.’

‘भाऊ-भाऊ होते?’

‘नाही. मित्र म्हणाले.’ मग जरा थांबून, ‘चार वर्षं एकत्रच राहतात म्हणे, पुण्याला. आता बदली.’

मी त्यांना सांगितलं की केंद्र सरकारने २०२४ साली कळवलंय, अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरायचं. बँकेत जोडखातंही उघडता येतं. काका रेशनिंग ऑफिसात तेहतीस वर्षं होते. कागदाला ते मानतात.

‘परिपत्रक निघालंय?’

‘हो.’

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, ‘त्यांचा नंबर एजंटकडे असेल. डिपॉझिट एकरकमी देतील का, विचारतो.’